वसईच्या घरातला आल्तार

मंचर-घोडेगावमार्गे डिंभे धरण मागे टाकून भीमाशंकरला जाणाऱ्या जुन्नर-आंबेगावच्या माणसाने देवळापुढची ती मोठी घंटा पाहिलेली असतेच. ओतीव, वजनदार, आणि तिच्यावर क्रूस. १७३९च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली. तिथल्या चर्चच्या घंटा मग मराठी मुलखातल्या देवळांना अर्पण झाल्या, त्यांतली ही एक. नाशिकच्या नारोशंकराची घंटाही वसईचीच. विजयाची ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलोय. पण ज्या गावांच्या घंटा उतरल्या, त्या गावांतल्या ख्रिस्ती घरांचं पुढे काय झालं, हे मात्र घाटावर कुणी सांगत नाही.

खरं तर वसई आपल्याला परकी नाही. जुन्नरहून नाणेघाट उतरला की सातवाहनांच्या काळातला व्यापारी रस्ता कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदराकडे जायचा, आणि सोपारं आज वसई तालुक्यातच आहे. जुन्नरच्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दान केल्याचा लेख आहे. बाहेरून आलेली माणसं, त्यांची श्रद्धा आणि इथल्या कारागिरांचे हात यांची गाठ या रस्त्यावर दोन हजार वर्षांपूर्वीच पडली होती. वसईतली गाठ त्या मानाने अलीकडची. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ च्या तहात वसई पोर्तुगीजांना दिली आणि पुढच्या दोनशे वर्षांत किनाऱ्यावरच्या बऱ्याच शेतकरी-कोळी घरांनी बाप्तिस्मा घेतला. सामवेदी ख्रिस्ती, ज्यांना कुपारी म्हणतात, वाडवळ, कोळी ही मंडळी आजही तिथे आहेत. घरात कादोडी किंवा वाडवळी बोलायची, बाहेर मराठी, आणि आडनाव डिसोजा नाहीतर लोपीस.

सत्ता गेली तसे युरोपीय धर्मसंघांचे पाद्री गेले. चर्च स्थानिक आणि गोव्याकडच्या धर्मगुरूंच्या हाती आली. मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, मात्र लॅटिनमध्येच होत राहिली, ती थेट दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत, म्हणजे १९६०च्या दशकापर्यंत. मळ्यात केळी आणि पानवेली लावणाऱ्या बाईला त्या लॅटिनमधलं काय कळत असेल? तिला कळत होती ती घरची वेदी, बोटांमधून सरकणारे मणी, झावळीचा क्रूस आणि पेंढ्याचा गोठा. धर्मशिक्षण तिने मुलांना त्यातूनच दिलं. वसईचा विश्वास चर्चच्या भव्य भिंतींनी टिकवला असं म्हणणारे म्हणोत. माझ्या मते तो घरातल्या माणसांच्या हातांनी टिकवला. किल्ल्यातली चर्च आज ओस पडलीत आणि घरातले आल्तार मात्र नांदते आहेत, एवढा पुरावा मला पुरतो.

आल्तार म्हणजे वेदी. जुन्या घरात ओटीवरून आत आलं की समोरच्या भिंतीशी ती दिसते. फळी किंवा लाकडी कपाट, मधोमध क्रूस, एका बाजूला निळ्या वस्त्रातली मारिया, दुसऱ्या बाजूला येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर, खाली संत अंतोनी. काही घरांत गोन्सालो गार्सियाही असतो. तो वसईचाच मुलगा. १५५७च्या सुमारास जन्मला, फ्रान्सिस्कन संघात गेला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत क्रूसावर मारला गेला. १८६२ मध्ये त्याला संतपद मिळालं. भारतात जन्मलेला पहिला संत आपल्या तालुक्यातला, याचा वसईकराला जो अभिमान आहे तो समजण्यासारखा आहे.

वेदीवर अंथरायचं पांढरं कापड हे बायकांचं क्षेत्र. क्रोशाच्या सुईने विणलेली त्याची झालर वेदीच्या कडेवरून खाली लोंबते. तिच्यात क्रूस, द्राक्षांचा घोस, गव्हाची ओंबी असे नमुने येतात. द्राक्ष आणि गहू ही मिस्सेतल्या द्राक्षरसाची आणि भाकरीची खूण. नमुना वीण मोजून बसवायचा असतो. एक टाका चुकला तर क्रूसाचा हात वाकडा होतो आणि चार ओळी उसवाव्या लागतात. सणाच्या आधी हे कापड धुऊन, खळ देऊन, इस्त्री करून पुन्हा अंथरलं जातं. फुलांची उणीव या भागात कधी नव्हती. सोनचाफा आणि मोगरा वसईच्या मळ्यांतून मुंबईच्या बाजारात जातो, त्यातली ओंजळभर फुलं घरच्या मारियेला.

संध्याकाळी वेदीपुढे जपमाळ होते. जपमाळेत एकोणसाठ मणी. त्यातले त्रेपन्न मारियेच्या वंदनेचे आणि सहा प्रभूच्या प्रार्थनेचे. दहा-दहा मण्यांचे पाच भाग, प्रत्येक भागाला येशूच्या किंवा मारियेच्या आयुष्यातलं एक रहस्य जोडलेलं. आनंदाची, दुःखाची आणि गौरवाची अशी पंधरा रहस्यं पूर्वी होती. पंधरा दशकं म्हणजे दीडशे वंदना, बायबलातल्या दीडशे स्तोत्रांइतक्या. पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००२ मध्ये प्रकाशाची पाच रहस्यं वाढवली आणि हा सुंदर हिशेब मोडला. धर्मशास्त्राच्या दृष्टीने ते योग्यच असेल. दीडशेचा आकडा गेल्याची हळहळ मात्र वाटते.

माळ घरी करता येते आणि अनेक ठिकाणी करतातही. तारेची माळ करायला गोल टोकाची पक्कड लागते: मण्यातून तार ओवायची, टोकाला वेटोळं करायचं, पुढच्या मण्याचं वेटोळं त्यात अडकवायचं. दोरीची माळ त्याहून सोपी आणि टिकाऊ. तिला मणीच नसतात, गाठी असतात. दोरी बोटाभोवती तीनदा गुंडाळायची, टोक त्या तीन वेढ्यांच्या आतून काढायचं आणि सावकाश ओढायचं. नीट ओढलं तर गाठ मण्यासारखी गोल बसते, घाईने ओढलं तर लांबट होते. दहा गाठी झाल्या की थोडं अंतर सोडायचं, मग एक सुटी गाठ. लहान मुलाला याहून चांगला स्थिरतेचा धडा नाही. जप संपला की धाकट्यांनी थोरामोठ्यांचा आशीर्वाद घ्यायचा आणि मगच जेवायला बसायचं, ही जुनी शिस्त. टीव्हीच्या मालिकांनी तिच्या वेळा मागेपुढे केल्या. आठ वाजताची मालिका आणि आठ वाजताची जपमाळ यांचं भांडण बऱ्याच घरांनी पाहिलंय.

चर्चचं वर्ष आणि घरातलं वर्ष यांना जोडणारी गोष्ट म्हणजे झावळी. पुनरुत्थानाच्या आधीच्या रविवारी, झावळ्यांच्या रविवारी, चर्चमध्ये आशीर्वादित केलेली झावळी घरी आणतात. नारळाच्या पात्यातला मधला हीर काढला की दोन लांब पट्ट्या मिळतात. एका पट्टीतून अख्खा क्रूस होतो. आधी उभा दांडा दुमडायचा, मग आडवा. दोन्ही जिथे भेटतात तिथे उरलेली पट्टी तिरकी फिरवायची, एकदा या बाजूने आणि एकदा त्या बाजूने, म्हणजे मधोमध छोटी चौकट उठते. शेवटचं टोक मागच्या घडीत खोचायचं. डिंक नाही, दोरा नाही. पातं कोवळं असलं तर वळतं, निबर असलं तर तडकतं. हा क्रूस वर्षभर वेदीच्या मागे किंवा दाराच्या चौकटीवर राहतो, हिरव्याचा पिवळा आणि पिवळ्याचा तपकिरी होतो. पुढच्या वर्षी उपवासकाळाच्या तोंडावर जुन्या झावळ्या चर्चमध्ये जमा करून जाळतात, आणि राखेच्या बुधवारी धर्मगुरू कपाळावर जी राख लावतात ती यांचीच. घरात वळलेली वस्तू वर्षाने माणसाच्या कपाळावर परत येते. धर्मविधीतला इतका नेटका व्यवहार मला दुसरा माहीत नाही.

आणि मग डिसेंबर. नाताळच्या गोठ्याची, म्हणजे येशूच्या जन्माच्या देखाव्याची, कल्पना असिसीच्या संत फ्रान्सिसची. १२२३च्या नाताळात इटलीतल्या ग्रेच्चो गावी त्याने गव्हाण मांडली, खरा बैल आणि खरं गाढव आणून उभं केलं, कारण बेथलेहेममधली गरिबी लोकांनी डोळ्यांनी पाहावी असं त्याला वाटत होतं. त्या प्रसंगाला २०२३ मध्ये आठशे वर्षं झाली. वसईत ही कल्पना आली आणि तिला कोकणी गोठ्याचं रूप मिळालं. गोणपाट चिखलात बुडवून त्याचे डोंगर, तपकिरी कागद चुरगळून कपारी, आरशाच्या तुकड्याचं तळं, भाताच्या पेंढ्याचं छप्पर. हिरवळ हवी म्हणून घरची बाई दहा-बारा दिवस आधी पसरट डब्यात नाचणी किंवा गहू पेरते, अगदी नवरात्रातल्या घटासारखी, आणि नाताळच्या आदल्या दिवशी ते बोटभर वाढलेलं धान गोठ्याभोवती लावलं जातं.

मांडणीला नियम आहेत आणि ते मुलांना चटकन कळतात. मारिया, योसेफ, मेंढपाळ आणि जनावरं आधी येतात, पण गव्हाण रिकामीच राहते. काही घरांत आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या आठवड्यांत, एक खेळ चालतो: मुलाने एक चांगलं काम केलं की त्याने पेंढ्याची एक काडी गव्हाणीत टाकायची. बाळासाठी मऊ बिछाना व्हायचा तर भावंडांशी भांडण आवरावं लागतं. बाळ ठेवलं जातं मध्यरात्रीच्या मिस्सेनंतर. बाळाच्या भेटीला येणारे तीन राजे तर त्याहून उशिरा पोचतात. त्यांना घराच्या दुसऱ्या कोपऱ्यात, कपाटावर किंवा खिडकीत उभं करतात आणि रोज थोडं थोडं पुढे सरकवत तीन राजांच्या सणापर्यंत, म्हणजे साधारण ६ जानेवारीला, गोठ्यात आणतात.

गोठ्यावर चांदणी. कामट्या दहा: पाच-पाच कामट्यांचे दोन तारे बांधायचे, एकावर एक ठेवून पाचही टोकं सुतळीने आवळायची, आणि मधल्या पंचकोनाच्या कोपऱ्यांत पाच आखूड काड्या आडव्या लावून पोट फुगवायचं. वर पतंगी कागद, चिकटवायला खळ. दिवाळीचा आकाशकंदील करणाऱ्या हाताला यात नवं काही शिकायचं नसतं, आणि वसईत शेजाऱ्याचा कंदील झाला की तोच हात चांदणीला लागतो.

स्वयंपाकघरातही या दिवसांत कारखाना चालतो. फुगे तळायचे, दोदोल ढवळायचा, आणि कुलकुल. कुलकुलाचं पीठ मळणं मोठ्यांचं काम; वळणं मुलांचं. पिठाची सुपारीएवढी गोळी काट्याच्या पाठीवर किंवा कोऱ्या फणीवर दाबून पसरायची आणि कडेपासून गुंडाळायची, की अंगावर रेघा असलेला शिंपला तयार. एका घाण्यात कुणाच्या हातचा कोणता ते लगेच ओळखू येतं. तयार झालेलं ताट रुमालाखाली झाकून आधी हिंदू शेजाऱ्यांकडे जातं, कारण दिवाळीत त्यांच्याकडून आलेलं ताट रिकामं परत करायचं नसतं.

आता थोडं कटू. गावोगाव गोठ्यांच्या स्पर्धा होतात आणि स्पर्धेने गोठा मोठा केला खरा, पण बिघडवलाही. धबधबे, फिरणारी चक्री, रंगीत दिवे, ध्वनिमुद्रित निवेदन. बाळ कुठे आहे ते शोधावं लागतं. गणपतीच्या आराशीचं जे झालं तेच इथेही. महाराष्ट्र सरकारने मार्च २०१८ मध्ये थर्माकोलवर बंदी घातली तेव्हा मखरवाले आणि गोठेवाले एकाच वेळी अडचणीत आले, आणि दोघांचंही भलं झालं. दुसरं संकट याहून मोठं आहे. वसई-विरार महानगरपालिका २००९ मध्ये झाली, शेतं इमारतींखाली गेली, आणि भातशेती गेली तसा पेंढाही गेला. गावातल्या शेतकऱ्याच्या नातवाला गोठ्यासाठी पेंढा विकत आणावा लागतो. बाजारात तयार गोठा मिळतोच, प्लॅस्टिकचा, बाळ आधीच गव्हाणीत चिकटवलेलं. बाळाची वाट पाहायची सोयच त्यात नाही. असा गोठा घरात आणण्यापेक्षा पुठ्ठ्याचा वेडावाकडा गोठा शंभर पटींनी बरा.

वसईकर कॅथलिकांना मराठीपण सिद्ध करून दाखवायची गरज नाही. फादर स्टीफन्स यांचं मराठीतलं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्येच छापलं गेलं, आणि वसईचेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या त्र्याण्णवाव्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. तरीही आपल्याकडचे बरेच जण ख्रिस्ती घर म्हटलं की हिंदी सिनेमातलं गोव्याचं घर डोळ्यांपुढे आणतात. तो गैरसमज घालवायला पुस्तकं वाचायची गरज नाही. २५ डिसेंबर ते ६ जानेवारी या दिवसांत नंदाखाल, निर्मळ, पापडी या बाजूला जा. स्पर्धेतले मोठे गोठे ओलांडून गल्लीतल्या घरांकडे वळा, दारात उभं राहून विचारा. बहुतेक जण आत बोलावतात. मुलं बरोबर असतील तर त्यांना नक्की न्या, आणि ६ तारखेच्या आत जा, कारण त्यानंतर गोठा उतरवून खोक्यात ठेवतात.