हँडलबारवरचा फोन, डिकीतला लॅपटॉप

लेहहून परतल्याला पाच दिवस झाले होते. मुलीच्या वाढदिवसाचे फोटो काढायला फोन उचलला, तर पडद्यावरचं चित्र पाण्यात पडलेल्या सावलीसारखं थरथरत होतं. फोन कुठे पडला नव्हता, भिजला नव्हता, काचेवर साधा ओरखडा नव्हता. दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने कॅमेरा चालू करून दोन मिनिटं पाहिलं आणि एकच प्रश्न विचारला, "गाडीवर लावत होतात का?"

लावत होतो. पुणे ते लेह आणि परत, जवळजवळ पाच हजार किलोमीटर तो हँडलबारवरच्या होल्डरमध्ये बसून रस्ता दाखवत होता. होल्डर चांगला महागाचा, चारही बाजूंनी पक्का आवळणारा. फोन पडू नये याची सगळी काळजी घेतली होती. पण पडणं हा फोनला असलेला एकमेव धोका नाही, हे तोवर डोक्यातच आलं नव्हतं. त्यानंतर बरोबरीच्या राइडर मंडळींशी बोलताना लक्षात आलं की आपण सगळेच धोका चुकीच्या ठिकाणी शोधतो. आपटणं आणि बुडणं डोळ्यांना दिसतं, म्हणून त्याचा बंदोबस्त करतो. थरथर, उष्णता आणि दमट हवा दिसत नाहीत, आणि वस्तू त्यांनीच जातात.

गैरसमज : होल्डर घट्ट असला की फोन सुरक्षित

घट्ट होल्डर फोनला पडण्यापासून वाचवतो. इंजिनाची थरथर मात्र तो जशीच्या तशी फोनपर्यंत पोचवतो.

आजच्या बऱ्याच फोनमध्ये कॅमेऱ्याचं भिंग पक्कं बसवलेलं नसतं. ते बारीक स्प्रिंगांवर किंवा तारांवर तरंगतं ठेवलेलं असतं. हात हलला की फोनमधला जायरोस्कोप ते टिपतो आणि चुंबक व तारेच्या वेटोळ्याच्या जोरावर भिंग उलट दिशेला सरकवलं जातं, म्हणून फोटो स्थिर येतो. याला ऑप्टिकल इमेज स्टॅबिलायझेशन म्हणतात. ही यंत्रणा माणसाच्या हाताच्या कंपासाठी बनवली आहे. आता हिशेब करू. इंजिन ४,००० आरपीएमवर फिरत असेल तर सेकंदाला सुमारे ६७ फेरे होतात, तासाला २ लाख ४० हजार. दिवसाचे आठ तास गाडी चालवली तर १९ लाखांहून जास्त. एकाच सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक फेऱ्याला एक हिसका असतो. जी थरथर संध्याकाळी आपल्या तळहाताला मुंग्या आणते, ती त्या केसाएवढ्या स्प्रिंगांचं काय करत असेल?

सप्टेंबर २०२१मध्ये अॅपलने हे लेखी सांगितलं: ताकदीच्या मोटरसायकल इंजिनाची थरथर हँडलबारमधून सतत पोचत राहिली, तर आयफोनच्या कॅमेऱ्याची ही यंत्रणा बिघडू शकते. मोपेड किंवा स्कूटरवर लावायचाच असेल तर कंप शोषणारा होल्डर वापरा आणि तरीही फार वेळ लावून ठेवू नका, असंही त्यात होतं. भिंगाची रचना इतर कंपन्यांच्या फोनमध्येही अशीच असते, त्यामुळे सल्ला सगळ्यांनाच लागू आहे. गाडीगाडीत फरक पडतो, हे खरं. बॅलन्सर शाफ्ट असलेली नवी इंजिनं, उदाहरणार्थ २०२०मध्ये मीटिऑर ३५०बरोबर आलेलं रॉयल एनफिल्डचं इंजिन, जुन्या बुलेटपेक्षा पुष्कळ शांत आहेत. पण शांत म्हणजे स्थिर नव्हे.

यावर मला सापडलेला सर्वांत चांगला उपाय जवळजवळ फुकटचा आहे. घरात पडून असलेला जुना, साध्या कॅमेऱ्याचा फोन नकाशासाठी हँडलबारवर लावायचा आणि चांगला फोन जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवायचा. आपलं शरीर हे उत्तम शॉक अॅब्सॉर्बर आहे. हात, खांदे, बरगड्या यांतून जाताना बारीक थरथर बरीचशी जिरते.

इथेच दुसरा एक समज आडवा येतो: जुन्या फोनमध्ये सिम नाही, मग जीपीएस कसं चालणार? चालतं. जीपीएस उपग्रहांकडून येणारे संकेत नुसते ऐकतं, त्याला मोबाइलचं नेटवर्क लागत नाही. नकाशा तेवढा आधी घरच्या वायफायवर उतरवून घ्यायचा. लडाखमध्ये बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिम चालत नाहीत, तेव्हा ही सवय तशीही अंगवळणी पाडायला हवी. आणि जिथे नेटवर्क नाही तिथे फोन फ्लाइट मोडवर टाका. टॉवर शोधता शोधता तो तापतो आणि बॅटरीही संपवतो.

गैरसमज : फोन वॉटरप्रूफ आहे, पावसात काय होणार?

आयपी ६८ या खुणेतला ६ धुळीसाठी आहे आणि ८ पाण्यासाठी. आयपी ६७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास. ६८ म्हणजे त्याहून कडक चाचणी, तिची खोली आणि वेळ कंपनी ठरवते. पण ही चाचणी होते प्रयोगशाळेत, स्वच्छ, गोड्या, स्थिर पाण्यात, आणि कोऱ्या फोनवर. पाण्याच्या फवाऱ्याची चाचणी वेगळी असते, तिचे आकडे ५ आणि ६. बुडवण्याच्या चाचणीत पास झालेला फोन फवाऱ्याच्या चाचणीत पास झालाच आहे, असं धरता येत नाही.

आता आंबोलीचा घाट आठवा. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारी ती जागा. तिथे ताशी ५० किलोमीटर वेगाने जाताना हँडलबारवरच्या फोनवर पाणी पडत नाही, ते त्यावर मारलं जातं. त्यात समोरच्या ट्रकच्या चाकांनी उडवलेला चिखल. शिवाय फोन दोन वर्षं वापरलेला, एकदा पडलेला, कदाचित स्क्रीन बदललेला. आतलं रबर आणि गोंद कोरे राहिलेले नसतात. किनाऱ्यालगत तर मीठही आलं, आणि खारं पाणी धातूला गोड्या पाण्यापेक्षा कितीतरी लवकर खातं.

पावसात सर्वांत घातक काय, असं विचाराल तर मी सांगेन: ओल्या फोनला चार्जर लावणं. पिनांवर पाणी असताना वीज वाहिली की त्या गंजायला वेळ लागत नाही. पाऊस लागला की केबल काढा, फोन आत ठेवा.

आणि तांदूळ. भिजलेला फोन तांदळाच्या डब्यात खुपसायचा, हा उपाय जणू आजीच्या बटव्यातला असल्यासारखा सांगितला जातो. तांदूळ ओलावा ओढतो, पण फार मंदपणे. उघड्या हवेत ठेवलेल्या फोनच्या तुलनेत त्याचा काहीच फायदा नाही. उलट कोंडा आणि कण्या चार्जिंगच्या भोकात जातात. जानेवारी २०२४मध्ये अॅपलने ग्राहकांना स्पष्टच सांगितलं की तांदळात ठेवू नका. फोन बंद करा, कव्हर काढा, भोक खाली धरून हातावर हलकेच टिचक्या मारा आणि वारा लागेल अशा जागी सोडा. हेअर ड्रायर नको, गाडीच्या सायलेन्सरची ऊबही नको.

गैरसमज : बॅगेला रेनकव्हर आहे ना!

रेनकव्हर वरून येणारं पाणी अडवतं. गाडीवर पाणी खालूनही येतं, मागच्या चाकाकडून. ते कव्हरच्या आत शिरतं आणि कव्हरच त्याला बाहेर पडू देत नाही. ताम्हिणीतून उतरल्यावर एका मित्राच्या सॅडल बॅगेच्या कव्हरमध्ये तांब्याभर पाणी साठलेलं मी पाहिलंय, आणि त्या पाण्यात कॅमेऱ्याचा चार्जर बसला होता. म्हणून कोरडेपणा आतून सुरू करा. प्रत्येक वस्तू आधी झिपलॉक पिशवीत, त्या सगळ्या गुंडाळी करून बंद होणाऱ्या ड्राय बॅगेत, तिच्या तोंडाला निदान तीन घड्या, आणि मग ती सॅडल बॅगेत. चेनवर भरवसा ठेवू नका, पाणी पहिल्यांदा तिथूनच येतं.

पारदर्शक प्लास्टिकच्या पाऊचमध्ये फोन घालून हँडलबारवर लावतात, ते पावसात ठीक. ऊन पडल्यावर ते पाऊच म्हणजे भट्टी. लडाखला जाताना जूनमध्ये राजस्थानातून जावं लागलं तर बाहेरच ४२-४५ अंश असतात. आयफोनसाठी कंपनीने वापराची मर्यादा ३५ अंश सांगितली आहे. वर नकाशा चालू, पडदा पूर्ण उजेडावर, चार्जिंगही सुरू. फोन स्वतःच अंधार करून बंद पडतो, ते तुमच्या नशिबाने. बॅटरीचं आयुष्य मात्र त्या तापाने कायमचं कमी होतं.

गैरसमज : लॅपटॉप डिकीत, स्पंजमध्ये गुंडाळला की निर्धास्त

इथे आधी लॅपटॉपच्या आत काय आहे ते पाहायला हवं. एसएसडी असेल तर तिच्यात हलणारा भाग नाही, थरथरीने तिला फारसं काही होत नाही. फोटो साठवायला घेतलेली जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क असेल तर गोष्ट वेगळी. तिच्यात तबकडी फिरते आणि वाचणारी सुई, म्हणजे हेड, तबकडीला न टेकता हवेच्या अतिशय पातळ गादीवर तरंगते. उंचावर हवा विरळ होते, गादी पातळ पडते, आणि हेड तबकडीला घासण्याची भीती असते. अशा बहुतेक डिस्कच्या माहितीपत्रकात चालू स्थितीतली कमाल उंची ३,०४८ मीटर, म्हणजे दहा हजार फूट लिहिलेली असते. लेह शहरच सुमारे ३,५०० मीटरवर आहे. सरचू ४,२०० मीटरच्या वर, तांगलांग ला ५,३०० मीटरच्या वर. दिवसभराचे फोटो तंबूत बसून हार्ड डिस्कवर उतरवणारे मी पाहिले आहेत, आणि ही मर्यादा ठाऊक असलेला त्यांत एकही भेटला नाही. बंद डिस्क नुसती घेऊन जायला हरकत नाही, तिथे मर्यादा कितीतरी जास्त असते. चालवायची असेल तर एसएसडीच घ्या.

लॅपटॉप ठेवायचा कुठे? गाडी खड्ड्यातून जाते तेव्हा सर्वांत जास्त उसळतं ते मागचं टोक, मागच्या चाकाच्याही मागे लावलेली डिकी. दोन चाकांच्या मधला भाग तुलनेने कमी हलतो. म्हणून जड आणि नाजूक सामान पुढे, सीटला जितकं जवळ ठेवता येईल तितकं. पाठीवर घेतला तर थरथर कमी लागते हे खरं. पण पडलो तर पाठीच्या कण्याखाली एक कडक पाटी असते, आणि दिवसभर खांदे दुखतात ते वेगळंच. लॅपटॉपपेक्षा कणा महाग आहे, म्हणून मी पाठीवर नेत नाही. लॅपटॉप पूर्ण बंद करा, नुसतं झाकण मिटू नका. झोपवलेला लॅपटॉप बॅगेत कधीतरी जागा होतो आणि तिथेच तापत राहतो.

स्पंजइतकंच महत्त्वाचं म्हणजे आत काही मोकळं हलता कामा नये. चार्जरची कडा आणि लॅपटॉपचं झाकण तीनशे किलोमीटर एकमेकांवर घासले तर धातूही झिजतो. कॅमेऱ्याच्या लेन्सचे स्क्रू थरथरीने आपोआप सैल होतात, ते मुक्कामावर तपासा. सुट्या बॅटऱ्या किल्ल्या-नाण्यांबरोबर कधीच ठेवू नका, शॉर्ट सर्किट व्हायला तेवढं पुरे असतं.

टँक बॅगेच्या चुंबकाबद्दलची भीती मात्र सोडून द्या. मेमरी कार्ड आणि एसएसडीवरचं काही त्याने पुसलं जात नाही, कारण तिथली साठवण चुंबकीय नसतेच. फोनचं होकायंत्र गोंधळतं आणि एटीएम कार्डाची काळी पट्टी खराब होऊ शकते, एवढं लक्षात ठेवा.

गाडीच्या बॅटरीला चार्जरची वायर थेट जोडून घेणं हेही बरेच जण करतात. बॅटरीजवळ फ्यूज हवा आणि किल्ली बंद केली की चार्जरही बंद पडायला हवा. नाहीतर तो रात्रभर थोडा थोडा प्रवाह खात बसतो, आणि थंडीत सकाळी लहानशा बॅटरीवर सेल्फ मारताना ते कळतं.

थंडीत फोन ४० टक्क्यांवर असताना अचानक बंद पडला तर बॅटरी गेली असं समजू नका. गारठ्यात तिच्या आतल्या रासायनिक क्रिया मंदावतात, ऊब मिळाली की ती परत येते. शून्याखाली तिला चार्ज करणं मात्र टाळा, त्याने कायमची इजा होते. रात्री फोन आणि पॉवर बँक स्लीपिंग बॅगमध्ये आपल्याबरोबर घ्या. सकाळी कॅमेरा थंड तंबूतून चुलीजवळच्या उबेत नेताना बॅग बंदच ठेवा, अर्ध्या तासाने उघडा. नाहीतर थंड लेन्सवर बाहेरून आणि आतूनही दव धरतं. कोकणातल्या एसी खोलीतून पावसाळी हवेत येतानाही हेच होतं.

माझ्या फोनचा कॅमेरा बदलून मिळाला, पैसे गेले. प्रवासातले फोटो राहिले, कारण ते दुसरीकडेही उतरवलेले होते. वस्तू विकत मिळते, बारालाचा ला ओलांडतानाचा मित्राचा चेहरा मिळत नाही. म्हणून मुक्कामावर पोचलात की हेल्मेट ठेवल्यावर पहिलं काम हे करा: त्या दिवसाचं कार्ड त्याच दिवशी उतरवा, आणि एक प्रत तुमच्या नव्हे, जोडीदाराच्या गाडीवर ठेवा.