पत्रे बदलले तरी घर गळतंय? ठेकेदाराशी भांडण्याआधी या गोष्टी करून ठेवा

मृगाचा पहिला जोराचा पाऊस झाला की राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी, भुदरगड, आजरा, चंदगड या पट्ट्यात एक तक्रार हमखास ऐकू येते. "एवढे पैसे घातले, नवे पत्रे टाकले, तरी घर गळतंयच." कौलं चाळायला माणूस मिळत नाही, माकडं कौलं फोडतात, म्हणून लोक कौलं उतरवून रंगीत पत्रे टाकतात. काम मे महिन्यात घाईत होतं. खरी परीक्षा जूनमध्ये होते आणि तोवर ठेकेदार दुसऱ्या गावात कामावर गेलेला असतो.

एक उदाहरण धरू. घरमालकाने मालासकट १ लाख ६० हजाराला काम दिलं. १ लाख ३० हजार दिले, ३० हजार बाकी ठेवले. पावसात तीन ठिकाणी गळती लागली, घरातली भाताची पोती भिजली. ठेकेदार एकदा आला, स्क्रूवर डांबर फासून गेला. पुढच्या पावसात पुन्हा तेच. मालक म्हणतो, "आधी गळती थांबव." ठेकेदार म्हणतो, "आधी ३० हजार दे." मग फोन उचलणं बंद आणि चावडीवर शिवीगाळ सुरू. असं झालं तर काय करायचं, ते टप्प्याटप्प्याने बघू.

आधी गळती कुठून आहे ते शोधा

पाणी जिथे टपकतं तिथेच भोक असेल असं नाही. पाणी पत्र्याखालून घरंगळत येतं आणि वाशावरून किंवा अँगलवरून खाली पडतं. म्हणून पाऊस उघडल्यावर पाइपाने पाणी मारून बघा. सुरुवात खालच्या बाजूने, वळचणीकडून करा आणि दहा-पंधरा मिनिटं एकाच भागावर पाणी सोडा. मग हळूहळू वर आढ्याकडे सरका. एक माणूस आत थांबून बघत राहू दे. ज्या टप्प्यावर आत पाणी येईल, दोष त्याच भागात असतो. ओल्या पत्र्यावर चढू नका आणि गळतीच्या भागातली लाइट बंद ठेवा.

बहुतेक वेळा दोष या पाच ठिकाणी सापडतो:

• स्क्रू: छपराच्या नालीदार पत्र्यात स्क्रू उंच भागावर मारायचा असतो. पाणी वाहतं त्या खोलगट भागात मारला तर आज ना उद्या गळतोच. वाकडा बसलेला किंवा रबराचा वॉशर चेपून फाटेल इतका आवळलेला स्क्रूही गळतो.

• जोड: वरचा पत्रा खालच्या पत्र्यावर साधारण सहा इंच तरी चढलेला हवा. पत्रे वाचवण्यासाठी दोन-तीन इंचच चढवले, तर वाऱ्याने पाणी उलटं आत शिरतं. आपल्याकडे पावसाचा वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून बाजूच्या जोडाची उघडी कड वाऱ्याच्या तोंडाला नको.

• आढ्यावरची पट्टी: ती अरुंद असली की पाण्याची झड आत येते.

• भिंत आणि पत्रा मिळतात ती जागा: इथे पट्टी लावून ती भिंतीत खाचून बसवावी लागते. नुसतं सिमेंट थापलं तर उन्हाळ्यात पत्रा हलतो आणि भेग पडते.

• पत्रा स्वतः: ठरला ०.५० मिलिमीटरचा आणि टाकला ०.३५ चा, अशी फसवणूक होते. जाडी मायक्रोमीटरने मोजता येते. बऱ्याच पत्र्यांवर कंपनीचं नाव आणि जाडीचा शिक्का असतो, त्याचा फोटो काढा. ठरलेली जाडी रंगासहित की रंगाशिवाय, हेही बघा. ठेकेदार पुढे त्यावरच बोट ठेवतो.

चूक कोणाची, हे प्रामाणिकपणे ठरवा

दर वेळी ठेकेदारच चुकतो असं नाही. कुजलेले वासे बदलायला त्याने सांगितलं होतं आणि तुम्हीच "राहू दे, चालतंय" म्हणालात का? पत्रा तुम्ही स्वतः स्वस्तातला आणून दिला होता का? काम झाल्यावर डिश बसवणाऱ्याने पत्र्याला भोकं पाडली का? तसं असेल तर तुमची बाजू तेवढी कमकुवत होते. पत्रा दुकानातून तुम्ही घेतला आणि तोच खराब निघाला, तर जबाब दुकानदाराला विचारायचा. बसवण्यात चूक असेल तर ठेकेदाराला. दोन्ही असेल तर दोघांनाही.

डागडुजी करण्याआधी पुरावा जमा करा

घर गळत असताना वाट बघत बसता येत नाही, हे खरं. पण दुसरा मिस्त्री बोलावून सगळं उचकटलंत, तर पहिल्याने काय चूक केली होती हे दाखवायला काही उरत नाही. म्हणून आधी एवढं करा:

१. गळतीचे फोटो आणि व्हिडिओ काढा. आधी पूर्ण खोली, मग गळतीची जागा, मग छपरावरचा तो भाग. मूळ फोटो मोबाइलमधून पुसू नका. व्हॉट्सअॅपवर फिरून आलेल्या फोटोपेक्षा मूळ फोटोला जास्त वजन असतं.

२. पैसे कसे दिले त्याची यादी करा. फोनपे, गूगल पे, बँकेची नोंद, चेक, वहीवरची सही, सगळं घ्या. रोख दिले असतील तर त्या वेळी कोण हजर होतं ते लिहून ठेवा.

३. ठेकेदाराशी झालेले मेसेज जपून ठेवा. लेखी करार नसला तरी "एक साठला ठरलं", "सोमवारी येतो" असे मेसेजही उपयोगी पडतात.

४. एखाद्या सिव्हिल इंजिनिअरकडून पाहणी करून सही-शिक्क्याचा अहवाल घ्या. दोष काय, कारण काय, दुरुस्तीला खर्च किती, एवढं त्यात हवं. थोडी फी जाईल, पण पुढे सगळ्यात जास्त उपयोग याच कागदाचा होतो.

हे झालं की तात्पुरतं प्लास्टिक टाका, घर वाचवा. प्लास्टिकचं बिलही ठेवा.

३० हजार अडवून धरायचे का?

इथे बऱ्याच जणांचं चुकतं. नुसतं "देत नाही जा" म्हटलं, तर उद्या ठेकेदार म्हणेल की मालकाने पैसे बुडवले म्हणून काम अर्धवट राहिलं. त्याऐवजी लेखी कळवा की पैसे तयार आहेत, दुरुस्ती नीट झाली की देतो. पत्र साध्या भाषेत चालतं. उदाहरणार्थ:

"तुम्ही मे महिन्यात माझ्या घराचे पत्रे बसवण्याचे काम केले. ठरलेल्या १ लाख ६० हजार रुपयांपैकी १ लाख ३० हजार रुपये तुम्हाला दिले आहेत. पावसात तीन ठिकाणी गळती होत आहे. फोटो आणि इंजिनिअरचा अहवाल सोबत जोडला आहे. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत दुरुस्ती करून द्यावी. दुरुस्ती समाधानकारक झाल्यावर उरलेले ३० हजार रुपये देण्यास मी तयार आहे. दुरुस्ती न केल्यास कायदेशीर मार्गाने दाद मागेन."

पत्र पोस्टाने, पोहोच मिळेल असं पाठवा आणि त्याचा फोटो व्हॉट्सअॅपवरही टाका. बरीच भांडणं इथेच मिटतात, कारण समोरच्याला कळतं की मालकाकडे कागद तयार आहेत.

पोलीस, तंटामुक्ती की कोर्ट?

पोलीस ठाण्यात गेलं की "हे दिवाणी प्रकरण आहे" असं उत्तर मिळतं. काम खराब होणं हा आपोआप गुन्हा ठरत नाही. सुरुवातीपासूनच फसवायचा हेतू होता, असं दिसलं तर गोष्ट वेगळी. उदाहरणार्थ, खोटं बिल देणं किंवा पैसे घेऊन कामावर न येताच गायब होणं.

गावची तंटामुक्ती समिती दोघांना बसवून समेट घडवू शकते. तसा समेट झाला तर कागदावर घ्या, त्यात दुरुस्तीची तारीख टाका, दोघांच्या आणि साक्षीदारांच्या सह्या घ्या. मात्र समिती कोर्टासारखा हुकूम काढू शकत नाही.

तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज केला तर लोकअदालतीत दावा दाखल होण्याआधीही तडजोड करता येते. तिथल्या निवाड्याला दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकी किंमत असते. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना मोफत वकीलही मिळू शकतो. त्यासाठी हेल्पलाइन १५१००.

ग्राहक आयोगात जाता येतं का?

हो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सेवेच्या व्याख्येत घरबांधणीचा उल्लेख आहे. घर बांधून देणं ही सेवाच आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात स्पष्ट केलं होतं. कामाच्या दर्जात किंवा पद्धतीत उणीव असेल, तर ती "सेवेतील त्रुटी" ठरते.

एक फरक मात्र लक्षात ठेवा. ठेक्याने काम दिलं असेल, म्हणजे ठरलेल्या रकमेत पूर्ण काम त्याच्या अंगावर, तर ती सेवा झाली. पण तुम्ही रोजंदारीवर गडी लावले, माल तुमचा, "असं कर, तसं कर" हुकूम तुमचा, तर तो मालक-नोकराचा व्यवहार धरला जाऊ शकतो. मग ग्राहक म्हणून दाद मागणं अवघड जातं.

बाकीच्या गोष्टी अशा:

• मुदत: तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत.

• कुठे: जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्ह्यातच चालतं. ठेकेदार दुसऱ्या जिल्ह्यातला असला तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते.

• फी: दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर काहीच फी नाही.

• वकील: सक्तीचा नाही, स्वतः बाजू मांडता येते. ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइनही तक्रार दाखल होते.

• काय मागता येतं: दोष दुरुस्त करून देणं, पैसे परत, नुकसानभरपाई आणि खर्च. भिजलेल्या भाताचा हिशेबही यात मांडा, पण पुराव्यानिशी.

• पक्कं बिल द्यायला नकार देणं हीसुद्धा या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे.

त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघा. सल्ला मिळतो, तक्रारही नोंदवली जाते. तो फोन फुकट आहे.

कायद्यात निकालासाठी साधारण ३ ते ५ महिने सांगितले असले, तरी प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो. म्हणून पुढच्या पावसाआधी घर दुरुस्त होणं महत्त्वाचं असेल तर समेटाचा दरवाजा उघडा ठेवा. आयोगाचा आदेश होऊनही ठेकेदाराने तो पाळला नाही, तर त्याला १ महिना ते ३ वर्षं कैद किंवा किमान २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. दोन्हीही होऊ शकतं.

पुढच्या वेळी काम देताना

वहीच्या एका पानावर एवढंच लिहून घ्या: पत्र्याची कंपनी आणि जाडी, मालासकट की मजुरीवर, एकूण रक्कम, काम कधी पूर्ण होणार आणि "पहिल्या पूर्ण पावसाळ्यात गळती निघाल्यास विनामूल्य दुरुस्ती". खाली दोघांच्या सह्या. पैसे कामाप्रमाणे हप्त्यांनी द्या आणि शेवटचा हप्ता पाऊस बघून देणार, हे आधीच लिहा. चांगल्या ठेकेदाराला याची अडचण नसते, उलट त्याचेही पैसे सुरक्षित राहतात. सही करायला जो तयारच होत नाही, त्याला काम द्यायचं का, हे पत्रा चढवण्याआधीच ठरवा.

तुमच्या गावात कुणाचं पत्र्याचं काम निघणार असेल, तर ही माहिती त्याला आधीच पाठवा.