लाल कांच आणि कपाळावरचें कुंकू



परभणीच्या स्टेशनाबाहेर उभें राहून कोणी शहराचें काळें-पांढरें छायाचित्र घेतलें, तर त्यांत आभाळ बहुधा कोऱ्या कागदासारखें येतें. डोळ्यांस तें निळें दिसलेलें असतें, ढगही दिसलेले असतात. चित्रांत त्यांचा मागमूस नसतो. हौशी छायाचित्रकाराची पहिली तक्रार हीच, आणि तिजवर पहिला उपायही सर्वत्र एकच सांगितला जातो: भिंगापुढें लाल कांच लावा. मग आकाश शाईसारखें काळें होतें, ढग कापसाच्या गंजीसारखे उठून दिसतात, आणि रोजची बाजारपेठ एखाद्या नाटकांतील प्रवेशासारखी भासूं लागते. या उपायाची मोहिनी मोठी आहे. त्याची किंमत मीं एकदां मोजली आहे, म्हणून हा विषय आज घेतला.

प्रथम आभाळ कोरें कां येतें तें पाहूं. फिल्मवर चांदीच्या क्षारांचा लेप असतो. हे क्षार मुळांत निळ्या व जांभळ्या प्रकाशानेंच बदलतात. तांबडा प्रकाश त्यांस जवळजवळ दिसतच नाहीं. आपला जिल्हा ज्या निजामी राज्यांत होता, तेथील दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ १९०५ सालीं वारले. त्यांच्या काळच्या इमारतींचीं चित्रें पाहावीं; घुमटाचा कण न् कण कोरलेला, आणि मागें आकाश मात्र रिकामें. १८७३ सालीं हेर्मान फोगेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें असें दाखविलें कीं, लेपांत कांहीं रंगद्रव्यें मिसळल्यास त्यास इतर रंगही दिसूं लागतात. सर्व रंग पाहणाऱ्या प्लेटा १९०६ च्या सुमारास बाजारांत आल्या. तोंपर्यंत, व सिनेमांत तर त्यानंतरही कित्येक वर्षें, तांबडें तें काळेंच उमटत असे. १९१३ सालीं दादासाहेब फाळके यांनीं ‘राजा हरिश्चंद्र’ काढला, तेव्हांची सर्वसाधारण फिल्म अशीच तांबड्याला आंधळी होती. तिच्यावर कुंकू काळेंभोर येई, आणि सांवळा माणूस होता त्याहून अधिक काळा दिसे. आपल्या आजी-आजोबांच्या जुन्या चित्रांवरून त्यांच्या वर्णाविषयीं कोणी अनुमान करीत असेल, तर त्यानें हें ध्यानांत ठेवावें.

लाल कांच याच्या नेमकी उलट खोड करते. ती निळा प्रकाश अडविते आणि तांबडा तेवढा आंत सोडते. म्हणून निळें आकाश काळवंडतें. निरभ्र दिवशीं सावलींत जो उजेड असतो तो आकाशाच्याच निळ्या प्रकाशाचा. तोही अडल्यामुळें सावल्या अधिक गडद होतात. प्रकाश सुमारें आठपट अधिक द्यावा लागतो. १० एप्रिल १९२७ रोजीं अँसेल अ‍ॅडम्स या अमेरिकन छायाचित्रकारानें योसेमिटीच्या दरींत हाफ डोम नांवाच्या कड्याचें चित्र प्रथम पिवळ्या कांचेंतून घेतलें. मग मनास जें वाटलें तें यांत उतरणार नाहीं असें जाणून, हातीं उरलेली शेवटची प्लेट त्यानें गडद लाल कांचेंतून घेतली. काळ्या आकाशापुढें उभा असलेला तो कडा जगप्रसिद्ध झाला. पण तो कडा होता. कड्याला कपाळ नसतें.

१९८४ च्या नवरात्रांतील गोष्ट. पाऊस नुकताच उघडला होता, आकाश धुतल्यासारखें निळें, वर पांढरे ढग. आमच्या शेजारची सून देवीच्या दर्शनाहून ताट घेऊन येत होती. मागें जुन्या वाड्याची भिंत व कडुनिंबाचें झाड. मीं लाल कांच लावून चित्र घेतलें, आणि रात्रीं काळोख्या खोलींत तें चार नंबरच्या कडक कागदावर छापलें. कडक कागद म्हणजे मधल्या करड्या छटा गिळून काळें व पांढरें यांतील अंतर वाढविणारा. चित्र असें नाट्यमय उतरलें कीं मी स्वतःवरच खूष झालों. सकाळीं तें शेजारीं नेऊन दाखविलें. सासूबाईंनीं चष्मा लावला, बराच वेळ पाहिलें, आणि म्हणाल्या, “मास्तर, सून माझी सवाष्ण हाय. कुकू कुठं गेलं तिचं?”

नवरा तेथेंच चहा पीत बसला होता. मीं चित्राकडे पाहिलें. कपाळ कोरें होतें.

कारण सरळ आहे. मनुष्याची त्वचा, मग ती गोरी असो वा सांवळी, तांबडा प्रकाश पुष्कळ परतविते. कुंकूही तोच परतवितें. लाल कांचेमागें दोहोंची छटा एक होऊन जाते. मीं आकाश काळें करावयास गेलों, आणि त्याच क्रियेनें तिचें कपाळ पुसलें. हाच प्रकार झेंड्यांचा: भगवा पांढरट होतो, हिरवा काळा पडतो. आमच्या गांवीं फेब्रुवारींत तुराबुल हक साहेबांचा उरूस भरतो. तेथील हिरवी चादर या कांचेंतून घेतली तर शोकाची वाटेल. अशा चित्राखालीं खुलासा कोण छापतो?

तेव्हांपासून माणसें असलेल्या चित्रास मी पिवळसर हिरवी कांच लावतों. आकाश थोडें उतरतें, कुंकू गडद राहतें, पानें उजळतात. उरलेलें नाट्य काळोख्या खोलींत साधावें. एन्लार्जरखालीं सबंध चित्रास ठरलेला प्रकाश दिल्यावर चेहऱ्यावर पुठ्ठा धरून, तो सारखा हालवीत, एकट्या आकाशास आणखी कांहीं सेकंद द्यावयाचे. आकाश काळवंडतें, माणूस होता तसा राहतो. आमच्याकडे उन्हाळ्यांत मात्र हा उद्योग जिकिरीचा. डेव्हलपर २० अंश सेल्सियसला असावा, तर नळाचें पाणीच त्याहून कितीतरी ऊन येतें, लेप मऊ पडून ओरखडतो. मी बर्फाच्या परातींत ताटली ठेवीत असें. शिवाय एप्रिल-मे महिन्यांत धुळीनें आभाळच पांढुरकें असतें, आणि जें निळें नाहीं तें कोणतीही कांच काळें करूं शकत नाहीं.

हल्लीं हें सारें मोबाइलमध्यें बोटाच्या टोकानें होतें. तेथें प्रत्येक बिंदूचा लाल, हिरवा व निळा असा त्रिविध हिशेब असतो. रूढ रीतीनें काळें-पांढरें करतांना शेंकडा सुमारें ३० वांटे लाल, ५९ हिरवा व ११ निळा धरतात. ‘नाट्यमय’ म्हणून मिळणाऱ्या तयार रूपांपैकीं ज्यांत लाल वांटा वाढवून निळा घटविलेला असतो, तीं म्हणजे माझी तीच लाल कांच होय. सुदैवानें तेथें मूळ रंगीत चित्र शाबूत राहतें. शेजारीं ठेवून ताडून पाहावें.

दिवाळीपूर्वीं मीं त्या सुनेचें चित्र त्याच भिंतीपुढें पुन्हां घेतलें. त्या दिवशीं ढग नव्हते. आकाश हातानें काळें केलें, तेव्हां पुठ्ठा जरा अधिक हालला. कडुनिंबाच्या शेंड्याभोंवतीं फिकट कड राहून गेली. सासूबाईंनीं प्रथम कपाळ पाहिलें, आणि मग चौकट करावयास सांगितली.