कोल्हापूरच्या पिनकोडचा भोवरा

शिवाजी विद्यापीठाचा पिनकोड ४१६००४. त्यातले अंक मोठ्याकडून लहानाकडे मांडा: ६४४१००. आता लहानाकडून मोठ्याकडे: ००१४४६. वजाबाकी ६४२६५४. या उत्तरावर पुन्हा तेच करा. ४२०८७६ येईल, मग ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२ आणि पुन्हा ६४२६५४! आता दिवसभर वजाबाक्या करत बसा, पंचगंगेच्या भोवऱ्यात सापडल्यासारखे याच सात संख्यांत फिराल.

हा नाद लावला दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी. देवळालीचे शाळामास्तर, ना मोठी पदवी ना विद्यापीठातली खुर्ची. सगळे अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घ्या, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येते, हे त्यांनी १९४९ साली शोधलं. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिलं आणि मास्तरांचं नाव जगभर झालं. आपल्याकडे मात्र बरीच वर्षं हा पोरखेळच समजला गेला.

सहा अंकांत मामला जास्त गुंतागुंतीचा, आणि माझ्या मते जास्त मजेचा. शहराचाच आणखी एक पिन ४१६००१ सात वजाबाक्या बाहेरच भटकतो आणि आठवीला ४२०८७६ वर येऊन त्याच भोवऱ्यात पडतो. बहुतेक सहा अंकी संख्यांची गत हीच.

याला कारण आहे. अंक उतरत्या क्रमाने लावले की उत्तर फक्त तीन फरकांवर ठरतं: पहिला-सहावा, दुसरा-पाचवा, तिसरा-चौथा. त्यांना अनुक्रमे ९९,९९९, ९,९९० आणि ९०० ने गुणून बेरीज केली की झाली वजाबाकी. पहिला फरक दुसऱ्याहून लहान नसतो, दुसरा तिसऱ्याहून नसतो. अशा जोडण्या, शून्य उत्तर देणारी सोडली, तर भरतात फक्त २१९. म्हणजे सगळे अंक सारखे असलेल्या सोडल्या, तर ०००००० पासून ९९९९९९ पर्यंतच्या दहा लाख संख्या एका फटक्यात २१९ वर येतात! एवढ्याशा जागेत फिरणारा कधीतरी स्वतःच्याच पावलावर पाऊल टाकणारच.

कसबा बावड्याचा पिन ४१६००६ मात्र वेगळ्या वाटेने जातो. ६६२६३४, ४३१७६६, ६३१७६४, आणि बस्स. ७६६४३१ वजा १३४६६७ म्हणजे पुन्हा ६३१७६४. विद्यापीठ कायमचं फिरतंय, बावडा तिसऱ्या वजाबाकीला ठाण मांडून बसलाय. १९७२ साली पिनकोड आले ते पत्रांच्या वर्गवारीसाठी, पोस्टाला याचा पत्ताही नसणार.

जागच्या जागी राहणारी आणखी एकच सहा अंकी संख्या आहे, ५४९९४५. तिच्यापर्यंत फार थोड्या संख्या पोचतात. आपल्या ४१६ ला ६१४ जोडा: ६६४४११ वजा ११४४६६. पहिल्याच वजाबाकीत ५४९९४५.