अँटिलोपची घळ

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात, पेज या गावाजवळ, अँटिलोप नावाची घळ आहे. तांबड्या वालुकाश्मातून ती पुराच्या पाण्याने व त्यासवे धावणाऱ्या वाळूने कोरून काढली आहे. (आपल्या जांभ्याप्रमाणेच या खडकाचा तांबडेपणाही लोहाचाच.) कित्येक ठिकाणी ती इतकी अरुंद आहे की, हात पसरले तर दोन्ही भिंतींना टेकावेत, वर आकाशाची एक चिंधी तेवढी दिसते.

ही भूमी नावाहो या मूळ रहिवाशांची. वाटाड्याशिवाय येथे कोणासही प्रवेश नाही. लहान लहान तुकड्या करून प्रवाशांना आत नेतात. एकान्ताची आवड असणाऱ्यास हे बंधन जाचक वाटेल. परंतु १२ ऑगस्ट १९९७ रोजी, घळीपाशी पाऊस जवळजवळ नसताना, कित्येक मैल दूर कोसळलेल्या सरींचा लोंढा आत शिरला आणि ११ प्रवासी बुडाले. लोंढ्यात सापडलेल्यांपैकी एक वाटाड्या तेवढा वाचला. म्हणजे नुसता वाटाड्याही पुरेसा नव्हे! वाळवंटातील उघड्या खडकात पाणी मुरत नाही. ते सारे घळीकडे धाव घेते, आणि आतल्या माणसास तो दूरचा मेघ दिसत नाही. म्हणून आता हवामानाच्या वार्तांवर सतत लक्ष ठेवतात, खालच्या घळीत शिड्या खडकास पक्क्या जखडल्या आहेत, आणि पुराचा संभव दिसताच, माथ्यावर लख्ख ऊन असले तरी, घळ बंद करतात.