नवा घास आणि आईचे ताट

आषाढात रोवणी सुरू झाली म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातील धानाच्या बांध्यांत सकाळपासून बायकांची रांग वाकलेली दिसते. सहासात महिन्यांचे लेकरू घरी आजीजवळ किंवा थोरल्या बहिणीजवळ असते. दुपारी त्याला तांदळाची पेज पाजण्यात येते. पेज पचनास हलकी, करण्यास सोपी आणि लेकराच्या ओळखीची. दोष एवढाच की, तिच्यात पाणी फार व अन्न थोडे. सहा ते आठ महिन्यांच्या मुलास अंगावरच्या दुधाखेरीज दररोज सुमारे २०० कॅलरी देणारे अन्न लागते. नऊ ते अकरा महिन्यांच्या मुलास सुमारे ३०० आणि वर्षानंतर सुमारे ५५०. मुलाचे पोट लहान. ते पातळ पेजेने भरले की रडणे थांबते, परंतु पोषण होत नाही. शिवाय जन्मतः शरीरात साठलेले लोह सहाव्या महिन्याच्या सुमारास सरत येते, आणि पेजेतून ते फारसे मिळत नाही.

यास्तव घट्ट वरणभात, कुस्करलेले उकडलेले अंडे, पालेभाजी, लाल भोपळा असे काही द्यावे, असे अंगणवाडी सेविका सांगते. आई एकदा देऊन पाहते. लेकरू तोंड वाकडे करते आणि घास जिभेने बाहेर ढकलते. "याला नाही आवडत, ताई," असे म्हणून आई पुन्हा पेजेकडे वळते. आणि येथील लोक नवे अन्न स्वीकारीत नाहीत, असे वहीत लिहून कार्यकर्ता मोकळा होतो. हा निष्कर्ष घाईचा आहे.

आईच्या सावधगिरीमागे कारण आहे. जिल्ह्याचा सुमारे तीनचतुर्थांश भाग जंगलाने व्यापलेला आहे. येथील स्त्रियांना झाडाझुडपांची किती बारीक माहिती असते हे डॉ. राणी बंग यांच्या 'गोईण' या पुस्तकावरून कळते. बांबूचे वास्ते, सात्या, तरोट्याची भाजी हे पावसाळ्यातील त्यांचे अन्न होय. परंतु याच रानात विषारी अळंबीही उगवते, आणि काही कडू कंद उकडून वाहत्या पाण्यात ठेवल्यावाचून खाता येत नाहीत. अशा ठिकाणी अनोळखी वस्तू लेकराच्या तोंडात न घालणे हे अज्ञान नव्हे, शहाणपण आहे.

लेकराच्या ठायीही हीच सावधगिरी असते, मात्र ती एकसारखी नसते. मूल दोन वर्षांच्या सुमारास हिंडूफिरू लागले की अनोळखी पदार्थाची धास्ती वाढते व ती पाचसहा वर्षांपर्यंत टिकते. त्यापूर्वी, म्हणजे सहाव्या महिन्यापासून पुढच्या वर्षभरात, ते नव्या चवीस त्या मानाने लवकर राजी होते. नेमका हाच काळ पेजेवर निघून जातो. पहिला घास थुंकला म्हणजे पदार्थ आवडला नाही असेही समजू नये. अमेरिकेत लीन बर्च व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दोन वर्षांच्या मुलांना अपरिचित पदार्थ कमीअधिक वेळा, काही तर वीस वेळांपर्यंत, चाखावयास दिले. जो पदार्थ अधिक वेळा चाखला, तो मुलांना अधिक आवडू लागला. आपल्याकडे दुसऱ्या-तिसऱ्या खेपेलाच हात आखडतो. बळजबरी न करता बोटाएवढा घास आठदहा दिवस देत राहावे.

परंतु खरी सुरुवात याच्याही आधी, आईच्या ताटात होते. फिलाडेल्फिया येथील ज्युली मेनेला यांचा २००१ सालचा प्रयोग येथे आठवतो. काही मातांनी गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत, तर काहींनी बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत, काही आठवडे गाजराचा रस घेतला. पुढे त्यांच्या मुलांना गाजराची चव असलेली लापशी भरविली तेव्हा त्यांनी तोंड कमी वाकडे केले. आई जे खाते त्याची चव गर्भजलातून व दुधातून मुलास आधीच कळलेली असते.

महाराष्ट्र शासनाने २०१५ साली आदिवासी भागांत डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू केली. तिच्यात गरोदरपणाच्या व बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांत स्त्रीस अंगणवाडीत एक वेळचे पूर्ण जेवण मिळते. आईच्या शक्तीसाठी ही योजना आहे. परंतु चव लेकरापर्यंत पोहोचण्याचे महिनेही हेच आहेत, हे फारसे कोणी बोलून दाखवीत नाही. त्या ताटातील अंडे किंवा पालेभाजी बाजूला सारली गेली, तर वर्षभरानंतर लेकरू तेच थुंकेल.

आणि ती बाजूला सारली जाते. जास्त खाल्ले तर पोटातील मूल मोठे होऊन बाळंतपण अडेल, ही भीती घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना असते. दवाखाना कित्येक कोस दूर असताना ही भीती निर्माण झाली; तिला हसून ती जाणार नाही. सासूबाईंनाच पंगतीस बसवावे, भाजी त्यांच्या हातची करावी. एकटीने खाल्लेला पदार्थ औषध वाटतो, सर्वांनी खाल्लेला तो जेवण होतो.

रोवणीच्या दिवसांत मात्र दुपारी अंगणवाडी गाठणे प्रत्येकीस जमत नाही. तेव्हा पदार्थ घराजवळच हवा. पावसाच्या तोंडावर परसात शेवग्याची एक फांदी, कुंपणावर लाल भोपळ्याचा वेल व दोन पपया लावाव्यात. चार कोंबड्या असल्यास सर्वच अंडी उबवणीस न ठेवता आठवड्यास दोनतीन घरात वापरावीत. भात मऊ शिजवून त्यातच तुरीचे किंवा मुगाचे वरण, मूठभर पाला व चमचाभर तेल घालून कुस्करावे. चमच्यावरून ओघळणार नाही इतके ते घट्ट असावे. आजीला भरविता येईल असेच ते असल्याने सकाळी शेतावर जाण्यापूर्वी करावे. दुपारी मात्र पुरते गरम केल्याशिवाय देऊ नये. रानातील मध वर्षाच्या आतील लेकरास चाटवू नये. त्यातून गंभीर आजार संभवतो.

बियाणे व रोपे यांची चौकशी तालुका कृषि कार्यालयात किंवा सोनापूर, गडचिरोली येथील कृषि विज्ञान केंद्रात रोवणीपूर्वीच करावी.