पानगळीच्या रानाचे छायाचित्रण

थंड प्रदेशातील रुंद पानांची झाडे ऑक्टोबरमध्ये रंग बदलतात, त्यामागे आखडत जाणारा दिवस आणि रात्रीचा गारठा असतो. झाड पानातील हरितद्रव्य मोडते आणि नायट्रोजनसारखी पोषकद्रव्ये खोडाकडे परत ओढून घेते. हिरवा रंग ओसरला की पानात आधीपासूनच असलेली पिवळी-नारिंगी कॅरोटिनॉइड द्रव्ये दिसू लागतात. मेपलसारख्या झाडांत अँथोसायनिन हे तांबडे द्रव्य नव्याने तयार होते. विदर्भातला साग पाने टाकतो तो पाणी तुटल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडाशी. म्हणून तिथली पानगळ कोरड्या, लख्ख उजेडात टिपावी लागते. युरोपातली बहुधा ओल्या आणि मंद उजेडात.

लंडनच्या पश्चिमेला बकिंगहॅमशायरमध्ये बर्नहॅम बीचेस नावाचे जुने रान आहे. सिटी ऑफ लंडन कॉर्पोरेशनने ते १८८० मध्ये विकत घेऊन लोकांसाठी राखले. तिथले बीच आणि ओक सरपणासाठी पिढ्यान्‌पिढ्या गुरांचे तोंड पोहोचणार नाही इतक्या उंचीवर छाटले जात. त्यामुळे जुने बुंधे जाडजूड, गाठाळ आणि बरेचसे पोकळ झाले आहेत. ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीला ही झाडे पिवळी आणि मग तांबूस होतात.

अशा रानात रंग मिळवायला वेगळे कष्ट पडत नाहीत. कष्ट पडतात ते गर्दीतून एक झाड वेगळे काढायला. डोळा नको त्या फांद्या आपोआप वगळतो, कॅमेरा एकही वगळत नाही. म्हणून सुरुवातीला वाइड लेन्सचा मोह टाळावा. ७० ते २०० मिलिमीटरच्या झूम लेन्सने लांबचा छोटा तुकडा निवडता येतो: एक बुंधा, त्याची एक ठळक फांदी, मागे पानांचा सलग रंग. फ्रेमच्या कडा नीट तपासाव्यात. पानांच्या फटीतून दिसणारे पांढरे आभाळ नजर खेचून घेते. दोन पावले बाजूला सरकले किंवा कॅमेरा थोडा खाली झुकवला की ते बहुतेक वेळा निघून जाते.

ढगाळ दिवस वाया गेला असे समजू नये. भर उन्हात रानात प्रकाशाचे कवडसे आणि काळ्या सावल्या यांची सरमिसळ होते, ढगांखाली मात्र उजेड सगळीकडे सारखा पसरतो. पावसानंतर ओली पाने चकाकतात आणि त्या चकाकीने रंग फिका पडतो. पोलरायझर फिल्टर फिरवून ती कमी करता येते. या फिल्टरने एक ते दोन स्टॉप उजेड घटतो, म्हणून ट्रायपॉड हवा. वारा नसेल तर आयएसओ १०० आणि एफ/८ किंवा एफ/११ वर शटर अर्धा सेकंद उघडे राहिले तरी चालते. पाने हलत असतील तर शटरचा वेग १/१२५ सेकंदापर्यंत न्यावा आणि आयएसओ खुशाल वाढवावा. थोडे दाणेदार चित्र चालेल, पुसट पाने चालणार नाहीत.

निरभ्र, वारा नसलेल्या रात्रीनंतर सखल भागात धुके साचते. धुके मागची झाडे फिकी करत जाते आणि निवडीचे अर्धे काम तेच करते. कॅमेऱ्याचा मीटर मात्र या पांढरेपणाला फसून चित्र काळवंडवतो. एक्स्पोजर एक स्टॉपपर्यंत वाढवावे. ऊन आलेच तर सूर्याकडे तोंड करून, आरपार उजळलेली पाने टिपावीत. नोव्हेंबरच्या आरंभी लंडनजवळ भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून सुमारे २४ अंशच वर असतो, त्यामुळे ही संधी दिवसभर मिळते.

ऑटो व्हाइट बॅलन्स पिवळ्या-तांबड्याला ‘दुरुस्त’ करून थंड करतो; डेलाइट किंवा क्लाउडी निवडणे बरे. तांबडा रंग सर्वांत आधी फुटतो, म्हणून रंगांचा हिस्टोग्राम पाहावा आणि नंतर संगणकावर सॅच्युरेशन वाढवताना हात आवरावा. मोबाइलवर टिपतानाही टेलिफोटो कॅमेरा निवडावा आणि उजेड किंचित कमी करावा.

रंगाचा आठवडा चुकला तरी काम थांबत नाही. कोवळ्या बीच झाडांची वाळलेली तांबूस पाने हिवाळाभर फांद्यांवर टिकतात, आणि भोवतालचे रान निष्पर्ण झाल्यावर ती वेगळी काढणे कितीतरी सोपे जाते.